वर्गणीदारांची वही

गेल्या हिवाळ्यांत आमच्या कोल्हापुरांतील एक तरुण माझ्याकडे आला होता. कुस्त्यांच्या मैदानांचीं चित्रणें करून तीं इंटरनेटवर प्रसिद्ध करणें हा त्याचा उद्योग. खासबागेच्या मैदानापासून तों एखाद्या आडगांवच्या जत्रेपर्यंत हा मनुष्य खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरतो. पठ्ठा कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, डाव कोणता लागला, हें सगळें स्वतः बोलून सांगतो. पाहणारे किती, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "नेमानें पाहणारे चारपांच हजार. पण त्यांत सातआठशें असे आहेत, कीं मैदान झाल्या रात्रीं चित्रण आलें नाहीं तर फोन करतात." मग मिळकत काय होते, असें विचारतांच तो हंसला. "सर, तेंच तर विचारायला आलों. तुम्ही जुन्या काळचा अभ्यास करतां. त्या काळीं असल्या माणसांचें पोट कसें भरायचें?"

श्रोतेहो, हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं. कोणी जुन्या नाण्यांवर बोलतो, कोणी देशी बियाण्यांची माहिती देतो, कोणी मोडी शिकवितो, कोणी गडांच्या वाटा दाखवितो. यांचा विषय थोड्यांचा आणि करणारा बहुधा एकटा. मागें संस्था नाहीं, सरकार नाहीं, सावकारहि नाहीं. अमेरिकेंतील केव्हिन केली नांवाच्या लेखकानें २००८ सालीं एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, अशा कर्त्यास लाखों लोकांची गरज नाहीं. वर्षाला शंभर डॉलर आनंदानें देणारे एक हजार खरे चाहते मिळाले, म्हणजे त्याचा चरितार्थ चालतो. हा आंकडा आतां जगभर मंत्रासारखा जपला जातो. परंतु थोड्या वाचकांच्या वर्गणीवर जगूं पाहणारीं माणसें आपल्याकडे शंभर-सवाशें वर्षांपूर्वींहि होतीं. त्यांतलीं कांहीं याच करवीर नगरींत वावरलीं. हजाराचा हिशेब त्यांना कोणी शिकविला नव्हता. तो तीं पदरचे पैसे घालवून शिकलीं.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १८३२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढलें. एका स्तंभांत इंग्रजी, दुसऱ्यांत मराठी अशी त्याची मांडणी. छापील मराठी मजकूर विकत घेऊन वाचणारा वर्ग तेव्हां मूठभर होता. तरी तें पत्र १८४० पर्यंत चाललें. मात्र जांभेकरांचा संसार पत्रावर चालत नव्हता, तो अध्यापनावर चालत होता. एवढी एकच गोष्ट येथें ध्यानांत ठेवूं. पुढें ती पुनःपुन्हां भेटणार आहे.

त्या काळीं वर्गणी मिळविणें हेंच मोठें संकट होतें. वाचक दूर गांवीं. पैसा कोण आणणार? ओळखीच्या माणसाबरोबर पाठवावा, नाहींतर टपालाचीं तिकिटें पाकिटांत घालून धाडावीं. हें संकट टपालखात्यानें दूर केलें. हिंदुस्थानांत १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली आणि १८८० सालीं मनिऑर्डरची. साध्या टपालवाल्यास या दोन सोयींनीं मासिकवाल्याचा वसुली-कारकून करून टाकलें. वाङ्मयाचे इतिहास लिहिणारे आमचे पंडित या मनिऑर्डरीचा उल्लेखहि करीत नाहींत, याचें मला नेहमीं नवल वाटतें. प्रतिभा पुष्कळांपाशीं होती. पण तिच्यापर्यंत अडीच रुपये पोंचविणारा मनुष्य खाकी वेषांतला होता.

एकट्यानें मासिक चालविण्याचें मराठींतील ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. १८७४ च्या जानेवारींत ती सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. मजकूर जवळजवळ सगळा एका हातचा. शास्त्रीबोवा त्या वेळीं सरकारी शाळेंत शिक्षक होते. म्हणजे टीका ज्या राज्याच्या कारभारावर, पगारहि त्याच राज्याचा. ही ओढाताण त्यांनीं १८७९ सालीं नोकरीचा राजीनामा देऊन संपविली. त्यानंतर जें त्यांनीं केलें, तें आजच्या तरुणांनीं नीट पाहण्यासारखें आहे. मालेच्या वर्गणीवर संसार चालेल अशा भ्रमांत ते राहिले नाहींत. चित्रशाळा त्याच्या आदल्याच वर्षीं उभी राहिली होती. देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं चित्रें छापून विकणें हा तिचा धंदा. १८८० च्या पहिल्या दिवशीं न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. जोडीला पुस्तकांचें दुकान आणि आर्यभूषण छापखाना. १८८१ सालीं 'केसरी' आणि 'मराठा'. मालेनें जो वाचक जमविला, त्याचाच विश्वास शाळेस विद्यार्थी, छापखान्यास काम आणि चित्रशाळेस गिऱ्हाईक आणून देऊं लागला. १८८२ च्या मार्चमध्यें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते वारले. हा प्रयोग कोठवर गेला असता हें पाहावयास ते राहिले नाहींत.

त्याच सुमारास पुण्यांत 'काव्येतिहाससंग्रह' नांवाचें मासिक निघत असे. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनीं तें १८७८ सालीं काढलें. त्यांत काय असे? जुन्या बखरी, पत्रें, अप्रकाशित कविता. याहून थोड्यांचा विषय शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. तरी तें १८८८ पर्यंत चाललें, आणि आज मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक त्याचे अंक चाळल्यावांचून पुढें जाऊं शकत नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. विष्णु गोविंद विजापूरकर हे कोल्हापुरचे, जन्म १८६३. राजाराम कॉलेजांत ते संस्कृत शिकवीत. १८९४ सालीं त्यांनीं येथून 'ग्रंथमाला' हें मासिक काढलें. तीनच वर्षांपूर्वीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली होती. ती नसती, तर कागदाचे गठ्ठे आंत आणि अंकांचे गठ्ठे बाहेर, हा महिन्याच्या महिन्यास होणारा व्यवहार बैलगाडीच्या भरंवशावर कितपत चालला असता, याची मला शंकाच आहे.

ग्रंथमालेची कल्पना तिच्या नांवांतच सांठविलेली आहे. मोठा ग्रंथ एकदम छापावयाचा, तर आधीं भांडवल पाहिजे, आणि तो घेणारे लोक तर मूठभर. तेव्हां ग्रंथाचे तुकडे करावे, दरमहा थोडथोडीं पानें द्यावीं, आणि छपाईचा खर्च वर्गणींतून भागवावा. वाचकापाशीं वर्षा-दोन वर्षांनीं आपोआप ग्रंथ जमतो. प्रकाशकास एकदम कर्ज काढावें लागत नाहीं. आणि ज्या लेखकाकडे मुंबई-पुण्याचा कोणी पुस्तकविक्या वळून पाहणार नाहीं, त्यास छापखाना मिळतो. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांचा धंदा मिठाचा. व्यासंग मात्र जुन्या मराठी कवींचा. त्यांचा 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास पहिल्यानें विजापूरकरांच्या ग्रंथमालेंतून लोकांपुढें आला. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेल्या इतिहासाच्या साधनांपैकींहि कांहीं भाग याच मालेनें छापला. विचार करा: त्या काळांत पेशवाईच्या पत्रांचा खंड विकत घेऊन वाचणारे लोक किती असतील? पण ते होते, त्यांचे पत्ते विजापूरकरांच्या वहींत होते, आणि म्हणून तो खंड निघाला.

या वहीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण सारें मर्म तिच्यांतच आहे. मासिकाच्या कचेरींत दोन वस्तु मोलाच्या असत. एक छापखान्याचे खिळे आणि दुसरी वर्गणीदारांची वही. तींत नांव, गांव, टपाल कोठलें, वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत पोंचली, असे रकाने असत. खिळे गहाण पडत, विकले जात, झिजत. वही मात्र राहिली, तर बंद पडलेलें मासिक दुसऱ्या नांवानें पुन्हां उभें राहूं शके.

या धंद्याचें गणितहि मोठें चमत्कारिक आहे. समजा, एका मासिकास पांचशें वर्गणीदार आहेत आणि वर्गणी तीन रुपये. म्हणजे वर्षाचे पंधराशें. आतां खिळे जुळविण्याचा खर्च दोनशें प्रती काढा कीं पांचशें काढा, तेवढाच येतो. वाढत्या प्रतीस खर्च काय तो कागदाचा, शाईचा आणि टपालाचा. म्हणून असें होतें कीं, पहिले दोनशें वर्गणीदार जुळाऱ्याचा पगार देतात, पुढचे दोनशें कागदवाल्याचें बिल भागवितात, आणि संपादकाच्या घरची चूल पेटते ती शेवटच्या शंभरांवर. आणि बुडवे, दिरंगाई करणारे, 'पुढच्या महिन्यांत पाठवितों' म्हणणारे किती? तेहि साधारण शंभरच! व्ही. पी. परत आली, कीं गेल्या टपालाचा भुर्दंड अंगावर, अंक मळलेला, आणि तो मनुष्य रस्त्यांत भेटला तर म्हणतो, "मी गांवीं नव्हतों हो!" नियतकालिकें बंद पडतात तीं वाचक नसल्यामुळें नव्हे, शेवटचे शंभर पैसे देत नाहींत म्हणून.

शिवाय फुकट वाचकांचा वर्ग निराळाच. आमचें करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचें. अशा ग्रंथालयांत एक अंक येई आणि तो गांव वाचून काढी. संपादक चरफडत असतील. पण मी स्वतः असल्याच फुकट वाचकांपैकीं एक. विद्यार्थिदशेंत या जुन्या मासिकांचे बांधीव खंड मीं ग्रंथालयांतच बसून वाचले. एक दमडी कोणास दिली नाहीं. तेव्हां फुकट्यांची निंदा करण्याचा मला अधिकार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, फुकट वाचकापासून कीर्ति मिळते, आणि कीर्तीवर वाणी तांदूळ देत नाहीं.

विजापूरकरांची घरची चूल प्राध्यापकीवर पेटत होती. 'सुधारक' १८८८ सालीं निघालें, तेव्हां आगरकर फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत होते. हरिभाऊ आपटे 'करमणूक' चालवीत, पण आनंदाश्रम संस्थेचें कामहि त्यांच्याकडे होतें. जांभेकरांची गोष्ट मीं ध्यानांत ठेवावयास सांगितली, ती याच कारणासाठीं. थोड्यांसाठीं लिहिणाऱ्या बहुतेक मोठ्या लोकांचा एक हात दुसरीकडे गुंतलेला होता. परंतु ज्याची नोकरी, त्याचा धाकहि येतोच. वेदोक्ताच्या वादांत विजापूरकर एका बाजूस आणि करवीर दरबार दुसऱ्या बाजूस, असा प्रकार झाला. कोण बरोबर होतें, याविषयीं आजच्या वाचकास फारसा संशय पडूं नये. हक्क महाराजांच्या बाजूस होता. परंतु दरबारच्या कॉलेजांत नोकरी करून दरबाराविरुद्ध मत बाळगणाऱ्या माणसाची नोकरी टिकत नाहीं, हें त्या वादानें दाखवून दिलें. पुढें विजापूरकर 'विश्ववृत्त' मासिक चालवूं लागले. १९०८ सालीं त्यांत श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरील एक लेख आला. वरवर पाहतां याहून निरुपद्रवी विषय कोणता? पण सरकारला त्यांत राजद्रोह दिसला. विजापूरकर आणि त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी यांस तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. वामनराव पुढें 'रागिणी'कार म्हणून प्रसिद्ध झाले. विजापूरकर सुटून आल्यावर राष्ट्रीय शिक्षणाच्या कामीं लागले व १९२६ सालीं वारले.

ज्यांच्या लेखावरून हें रामायण झालें, त्या सातवळेकरांचें पुढें काय झालें, तें माझ्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत बोधक आहे. हे मूळचे चित्रकार. हैदराबादेस आणि लाहोरास माणसांचीं चित्रें काढून त्यांनीं पैसा मिळविला. वेद हा त्यांचा ध्यास. १९१८ सालीं ते औंध संस्थानांत येऊन राहिले आणि तेथें त्यांनीं स्वाध्याय मंडळ काढलें. 'पुरुषार्थ' हें मराठी मासिक, 'वैदिक धर्म' हें हिंदी. शिवाय वेदांच्या संहिता, भाषांतरें, संस्कृत आपलें आपण शिकण्याचीं पुस्तकें, योगासनांवरील पुस्तकें. औंध म्हणजे केवढें? डोंगराखालचें एक खेडें! त्या खेड्यांतून हीं पुस्तकें हिंदुस्थानभर जात. वेदाचा अर्थ समजून घेऊं इच्छिणारा मनुष्य एका गांवांत एकच असेल, पण गांवें किती आहेत! सातवळेकरांनीं एका गांवचे हजार वाचक शोधले नाहींत. हजार गांवचा एकेक वाचक शोधला, आणि त्यास एकदां मासिक, एकदां पुस्तक, असें वर्षानुवर्षें कांहीं ना कांहीं देत राहिले. १९४८ च्या दंगलीनंतर त्यांना औंध सोडून गुजरातेंत पारडीस जावें लागलें. तेव्हां त्यांचें वय ऐशींच्या घरांत होतें. मंडळ तेथें पुन्हां उभें राहिलें, तें कशाच्या बळावर? जागा गेली होती, गांव गेला होता. पुस्तकांची वाट पाहणारे लोक जेथल्या तेथें होते.

येथवर मीं ज्यांच्याविषयीं बोललों, त्यांचा वाचक बेताचा का होईना, पण कनवटीस दोन रुपये असणारा होता. ज्यांच्या वाचकापाशीं तेवढेंहि नव्हते, त्यांनीं काय करावें? १९२० च्या ३१ जानेवारीस डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानें 'मूकनायक' निघालें. त्यासाठीं शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपये दिले. पुढें दोनच महिन्यांच्या आंत, मार्चमध्यें, आपल्या कागल भागांतील माणगांवास बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि महाराज स्वतः तेथें आले. या पत्राचा वाचक विलक्षण होता. त्यांतील कित्येकांस वाचतां येत नव्हतें. एकानें वाचावें आणि वस्तीनें ऐकावें. ऐकणारे शंभर, वर्गणी एकाची, तीहि वेळेवर येईल तर. ज्यांना त्या पत्राची सर्वांत अधिक गरज होती, त्यांचाच खिसा सर्वांत रिकामा होता. आंबेडकर त्याच वर्षीं जुलैंत लंडनला गेले, महाराज १९२२ च्या मे महिन्यांत वारले, आणि १९२३ सालीं 'मूकनायक' बंद पडलें.

१९२७ च्या ३ एप्रिलास आंबेडकरांनीं 'बहिष्कृत भारत' काढलें. एकेका अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांनीं स्वतः लिहून काढले. तेवढें लिहिणारा दुसरा कोणी ठेवावयास पैसा नव्हता. १९२८ च्या फेब्रुवारींत त्यांनीं वाचकांपुढें पत्राच्या कर्जाचा प्रश्न उघडपणें मांडला: हें ऋण माझें एकट्याचें कीं समाजाचें? पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबरांत, तें पत्र थांबलें. कित्येक जण या घटनेस अपयश म्हणतात. मला तसें म्हणवत नाहीं. त्या पत्रांनीं जो वाचक घडविला, तो त्यांच्या हयातींत पैसे देऊं शकला नाहीं एवढेंच. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' हीं पुढचीं पत्रें त्याच वाचकावर उभीं राहिलीं. महाराजांच्या देणगीविषयीं मात्र एक गोष्ट खरी. ती उदार होती, आणि अट घालणारी नव्हती. पण देणाऱ्याचें नांव वहींत एकच होतें.

याच्या उलट उदाहरण नगर जिल्ह्यांतलें. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनीं 'दीनमित्र' हें पत्र १९१० सालीं सुरू केलें आणि तरवडीसारख्या खेड्यांत बसून, घरचा छापखाना घालून, १९६७ पर्यंत चालविलें. पुण्या-मुंबईचीं भलीं भलीं पत्रें त्या अवधींत आलीं आणि गेलीं. घरीं शेती होती. छापखाना स्वतःचा. वाचक बहुजनसमाजांतला, शेतकरी, ज्याच्यासाठीं दुसरें कोणी लिहीत नव्हतें. खर्च खेड्याचा असल्यामुळें थोडे वर्गणीदार पुरत असत. मोठ्या शहरांत बिऱ्हाड करून थोड्यांसाठीं लिहूं पाहणाराने या माणसाचें चरित्र अवश्य वाचावें.

जाहिरातीचा मार्गहि आपल्याकडे लवकरच सांपडला. 'मनोरंजन'कर्त्या काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून आजतागायत आपले दिवाळी अंक जाहिरातीच्या टेंकूवर उभे आहेत. किर्लोस्करवाडीची गोष्ट त्याहून निराळी. १९२० सालीं तेथून 'किर्लोस्कर खबर' निघूं लागलें, तें कारखान्याचें घरचें पत्र म्हणून. नांगर आणि चरक घेणाऱ्या गिऱ्हाइकांशीं संबंध राहावा हा हेतु. शंकरराव किर्लोस्करांनीं त्याचें खरोखरीचें मासिक बनविलें, आणि पुढें १९३० सालीं 'स्त्री', १९३४ सालीं 'मनोहर' अशीं भावंडें त्यास झालीं. येथें वही आधीं होती, मासिक मागाहून आलें. नांगर घेणाऱ्यांचे पत्ते कारखान्यापाशीं होतेच!

आतां त्या कुस्तीवाल्या तरुणाकडे वळतों. त्याचीं चित्रणें यूट्यूबवर असतात. ही कंपनी २००५ सालीं निघाली. जाहिरातींतला वांटा मिळावयाचा, तर एक हजार सदस्य आणि वर्षांत चार हजार तास पाहिलेले असावे, असा नियम तिनें २०१८ सालीं केला. मोठ्या चित्रणांवरील जाहिरातीच्या उत्पन्नांतले शेंकडा ५५ कर्त्यास, बाकी कंपनीस. पाहणाऱ्यानें दरमहाची वर्गणी दिली, तर कर्त्यास शेंकडा ७०. हे दर ऐकून मला आश्चर्य वाटलें नाहीं. जुन्या पुस्तकविक्यांचें कमिशनहि कांहीं थोडें नसे. आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचें वाटलें. मीं त्यास विचारलें, "तुझ्या चारपांच हजार सदस्यांचीं नांवें-पत्ते तुझ्यापाशीं आहेत?" तो म्हणाला, "नाहीं. ते कंपनीपाशीं."

म्हणजे खिळे त्याचे, जुळारी तोच, लेखक तोच, आणि वही मात्र दुसऱ्याच्या कपाटांत! या गोष्टीचा परिणाम काय होतो, तें आपण २०२० सालीं पाहिलें आहे. त्या वर्षीं २९ जूनला हिंदुस्थान सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केलीं. सरकारचीं कारणें काय होतीं, हा माझा आजचा विषय नव्हे. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरापोरींनीं त्या ठिकाणीं लाखों चाहते जमविले होते, त्यांचे चाहते एका रात्रींत नाहींसे झाले. चाहते मेले नव्हते; आपापल्या घरींच होते. पत्ता कोणापाशीं नव्हता. मला विजापूरकरांची आठवण झाली. त्यांना सरकारनें तुरुंगांत घातलें. पण ग्रंथमालेचा वाचक कोणत्या गांवीं राहतो, हें त्यांना ठाऊक होतें.

दुसऱ्या बाजूनें पाहतां, आजच्या कर्त्यास एक गोष्ट अशी मिळाली आहे, कीं जी चिपळूणकरांना मिळती तर त्यांनीं सोन्याचीं फुलें उधळलीं असतीं. २०१६ सालीं आपल्याकडे यूपीआयची व्यवस्था सुरू झाली. दहा रुपये, पन्नास रुपये, शंभर रुपये, एका घरांतून दुसऱ्या घरांत क्षणांत जातात, व्ही. पी. परत येण्याचें भय नाहीं, मनिऑर्डरीची दस्तुरी नाहीं. तीनशें माणसांनीं महिन्यास शंभर शंभर रुपये दिले, तर तीस हजार होतात. कोल्हापुरांत एका माणसाचा साधा संसार त्यांत चालतो. सातआठशें फोन करणाऱ्यांतून तीनशें काढणें अशक्य नव्हे. पण त्या तीनशेंचीं नांवें आधीं माहीत पाहिजेत. कांहीं नव्या कंपन्या हें ओळखून आहेत. सबस्टॅक नांवाची अमेरिकन कंपनी वर्गणीदारांची यादी लेखकास स्वतःबरोबर नेऊं देते. यूट्यूबवर राहूं नये, असें मीं त्या तरुणास सांगितलें नाहीं. तें आजचें ग्रंथालय आहे. तेथें फुकट वाचक भेटतो आणि त्यांतूनच वर्गणीदार निपजतो. मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, फोन करणारांचीं नांवें लिहूं लाग.

तो पुन्हां आला तो पावसाळ्याच्या तोंडीं. हातांत शाळकरी मुलांची असते तशी लांबट वही. तालीमवार आणि गांववार नांवें घातलेलीं. अक्षर वाईट, पण रकाने व्यवस्थित. एकंदर २१२ नांवें झालीं होतीं, आणि त्यांतील १४० जणांच्या पुढें रक्कम होती. मैदान झाल्या रात्रीं या लोकांना संपूर्ण चित्रण आधीं पाठवावयाचें, आणि मग दोन दिवसांनीं सर्वांसाठीं खुलें करावयाचें, असा क्रम त्यानें बसविला होता. वर्गणी न आलेल्या ७२ जणांना चित्रण पाठवावें कीं थांबवावें, हें विचारावयास तो आला होता. मीं वही चाळूं लागलों. बहुतेकांच्या पुढें 'येणें' असें लिहिलें होतें. एका नांवापुढें मात्र तें नव्हतें. तें नांव एका फार म्हाताऱ्या वस्तादांचें होतें, आणि पुढें रक्कमेच्या रकान्यांत लिहिलें होतें, 'यांच्याकडून घ्यायचे नाहींत.'